सेल्फमधला मॅग्नेट चिकटवूनही पुन्हा का सुटतो

"बॅटरी नवी टाकली, रिले बदलला, कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे घासते ठोकळे) बदलले, तरी सेल्फ मधेच अडकतो." ठाण्यात सेल्फची, म्हणजे बटण दाबल्यावर इंजिन फिरवून चालू करणाऱ्या स्टार्टर मोटरची, ही तक्रार पावसाळा सरता सरता जास्त ऐकू येते. वंदना सिनेमाजवळच्या तुंबलेल्या पाण्यातून गेलेली रिक्षा असो, घोडबंदर रोडचे खड्डे रोज खाणारी बाइक असो, की कळव्याला खाडीच्या वाऱ्यावर रात्रभर उघड्यावर उभी राहणारी स्कूटर असो, लक्षणं सारखीच. सकाळी पहिल्या दाबाला गाडी चालू. दुपारी इंजिन गरम असताना बटण दाबलं की एक 'टक्', आणि पुढे काहीच नाही. थोडं थांबून पुन्हा दाबलं की चालू. कधी मोटर फिरताना खरखर येते, कधी दिवे एकदम मंदावतात आणि बॅटरीची जाड वायर हाताला गरम लागते.

अशी गाडी आली की आतला मॅग्नेट बॉडीपासून, म्हणजे मोटरच्या गोल लोखंडी कवचापासून, सुटला असण्याची शंका आधी घ्यावी. आणि यातल्या कितीतरी सेल्फमध्ये तो पूर्वी कोणीतरी चिकटवलेला असतो. गिऱ्हाईक वैतागून म्हणतं, "चांगला गोंद लावा ना या वेळी." पण बहुतेक वेळा गोंद चांगलाच असतो. घोटाळा त्याच्या खाली असतो, आणि तो समजून घेतल्याशिवाय कितीही महाग ट्यूब आणली तरी पुढच्या पावसाळ्यात गाडी परत येते.

जुन्या ॲम्बेसेडर-पद्मिनीच्या सेल्फमध्ये हा प्रश्नच नव्हता. तिथे मॅग्नेट नव्हते. मॅग्नेटचं काम करणाऱ्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या, म्हणजे फिल्ड कॉइल, होत्या आणि त्यांना धरणारे लोखंडी पोल बाहेरून मोठ्या स्क्रूने आवळलेले असत. पुढे दुचाकी, रिक्षा आणि लहान गाड्यांच्या सेल्फमध्ये फिल्ड कॉइलच्या जागी फेराइटचे कमानदार मॅग्नेट आले. मोटर लहान झाली, हलकी झाली, फिल्डला लागणारा करंट वाचला. पण फेराइट ही एक भाजलेली सिरॅमिक वस्तू आहे. कपबशीसारखी. तिला भोक पाडून स्क्रू मारता येत नाही, ड्रिल लावलं की तडकते. म्हणून ती गोंदाने चिकटवतात, किंवा मधे स्प्रिंगची क्लिप घालून दाबून धरतात, किंवा दोन्ही करतात. चौकशीला सुरुवात इथून करायची.

आधी खात्री करा की दोष मोटरमध्येच आहे

बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. बटण दाबून धरलं असताना बॅटरीच्या पोलवर आणि सेल्फच्या टर्मिनलवर असं दोन्हीकडे मोजा. दोघांमधला फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायर, रिले किंवा नट-बोल्टचा गंज आधी बघा. अर्थिंगच्या बाजूनेही तसंच मोजा. फरक नगण्य, बॅटरी दुसऱ्या गाडीवर ठणठणीत, आणि तरी सेल्फ दाबल्यावर व्होल्टेज ९.६ च्या खूप खाली कोसळतो, तर मोटर करंट पिते आहे पण फिरत नाही. इंजिन हाताने किंवा किकने मोकळं फिरत असेल तर सेल्फ खाली उतरवा.

उतरवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह सोडा. सीएनजी रिक्षा असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, मग पाना हातात घ्या.

उतरवलेली मोटर कानाजवळ धरून हळू हलवा. सुटलेला मॅग्नेट बॉडीला स्वतःच्याच ओढीने चिकटून बसतो, त्यामुळे आवाज येईलच असं नाही. तुकडा पडला असेल तर मात्र खुळखुळतो. मग शाफ्ट बोटांनी फिरवा. निरोगी मोटरमध्ये हलके, सारख्या अंतराने खटके जाणवतात. एका जागी घासल्यासारखं लागतं, किंवा खटक्यांचं अंतर वेडंवाकडं लागतं, तर मॅग्नेट जागचा सरकला आहे. शाफ्ट आडवा हलतो आहे का तेही बघा, कारण बुश (शाफ्टला टेकू देणारी धातूची नळी) झिजला तरी आर्मेचर, म्हणजे शाफ्टवरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, मॅग्नेटला घासतं आणि लक्षण हुबेहूब तेच दिसतं. बुश झिजलेला असताना नुसता मॅग्नेट चिकटवला तर तो पुन्हा मार खाणारच.

उघडण्यापूर्वी दोन्ही झाकणं आणि बॉडी यांवर मार्करने किंवा टोकदार सुईने एक सलग रेघ ओढा. पंच आणि हातोडी वापरू नका. लांब बोल्ट काढले की आतले शिम (शाफ्टवरच्या पातळ चकत्या) कोणत्या टोकाला किती होते ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

सुटलेला मॅग्नेट वाचायचा

घाई इथेच होते. मॅग्नेट हातात आला की लोक लगेच जुना गोंद खरवडायला घेतात. थांबा. मॅग्नेटची पाठ आणि बॉडीची आतली जागा दोन्ही उजेडात धरा आणि गोंद कोणत्या बाजूला राहिला आहे ते बघा. सुटण्याचं कारण तिथे लिहिलेलं असतं.

गेल्या पावसाळ्यानंतर वागळे इस्टेटमध्ये एका रिक्षाचा सेल्फ उघडला, त्यातला मॅग्नेट डोळ्यांसमोर आहे. पाठीवर गोंदाचा थर अखंड, कडेपासून कडेपर्यंत, नखाने निघत नव्हता. त्या थराच्या वर विटकरी पावडरीची एक पातळ साय. बोट फिरवलं की बोट लाल. बॉडीच्या आत तेवढ्याच आकाराचा खडबडीत तपकिरी डाग. म्हणजे गोंदाने शेवटपर्यंत पकड सोडली नव्हती. त्याने ज्या पृष्ठभागाला धरलं होतं तो पृष्ठभागच पोपडा होऊन निघाला होता. पाणी झाकणाच्या सांध्यातून आत आलं, मॅग्नेटच्या कडेने गोंदाखाली शिरलं, पत्रा गंजला. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो मॅग्नेटला आतून वर उचलत राहतो. आर्मेचर आणि मॅग्नेट यांच्यातली फट मुळात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. गंजाचा थोडासा फुगवटा ती फट खाऊन टाकतो. मग आर्मेचर मॅग्नेटला धडकतं आणि उरलेली पकडही तोडतं. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्हीकडे खाडीचा दमट खारा वारा आणि साचलेलं पाणी असल्यामुळे हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो.

दुसरा प्रकार: गोंद दोन्हीकडे थोडा थोडा राहिलेला, मधोमध फुटलेला, काचेसारखा चकचकीत. इथे गोंद ठिसूळ होता. फेव्हिक्विकच्या जातीचे, क्षणात धरणारे गोंद असे तुटतात. ते ताणाला जोरदार असतात, पण धक्का, उष्णता आणि ओल यांपुढे टिकत नाहीत. सेल्फच्या नशिबात हे तिन्ही रोज असतं.

तिसरा: गोंद पूर्ण बॉडीला चिकटलेला आणि मॅग्नेटची पाठ कोरी, काळी, स्वच्छ. म्हणजे चिकटवताना मॅग्नेटला तेल, ग्रीस किंवा हाताचा घाम लागलेला होता. इंजिन ऑइल सीलमधून सेल्फमध्ये झिरपत असेल तर हा प्रकार पुन्हा होईल. तिथे सील आणि ओ-रिंग बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

चौथा प्रकार म्हणजे मॅग्नेट तडकलेला, कोपरे उडालेले. तो बहुतेक वेळा बाहेरून बसलेल्या घावाचा असतो. सेल्फ अडकला की त्यावर पान्याने दोन ठोके मारायचे, ही सवय फिल्ड कॉइलच्या जमान्यातली आहे. तेव्हा अडकलेला कार्बन ठोक्याने बसायचा आणि गाडी चालू व्हायची. मॅग्नेटच्या सेल्फला तोच ठोका मारला तर आत सिरॅमिकवर घाव बसतो. कृपा करून हे थांबवा, आणि आपल्याकडच्या पोरांनाही थांबवायला सांगा. ठोक्याने गाडी एकदा चालू होईल आणि सेल्फ कायमचा जाईल.

सफाई

बॉडीतला जुना गोंद आणि गंज पूर्ण निघाला पाहिजे. खवल्या आधी स्क्रेपरने, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, पत्रा चांदीसारखा उजळेपर्यंत. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके राहिले तर ते टोकदार कानशीने किंवा छोट्या वायर ब्रशने उकरा. गुळगुळीत चकाकी नको, ओरखडे असलेली चकाकी हवी. गोंद ओरखड्यांत धरतो.

मॅग्नेटची पाठ फक्त हलक्या हाताने घासा. त्यावरचा जुना गोंद निघत नसेल तर हीट गनने हळूहळू, सगळीकडून सारखं गरम करून मऊ करा. गॅसच्या टॉर्चची ज्योत लावू नका. फेराइट उष्णतेला तसं दणकट आहे, त्याचं चुंबकत्व पूर्ण जायला ४५० अंशांच्या आसपास तापमान लागतं, पण एका बाजूने एकदम तापवलं की तडा जातो.

घासताना उडालेला लोखंडाचा कीस मॅग्नेटवर दाढीसारखा उभा राहतो. फुंकून किंवा हवा मारून तो जात नाही, या टोकाकडून त्या टोकाला सरकतो एवढंच. रुंद चिकटपट्टी दाबून उचला, पुन्हा पुन्हा, पट्टी कोरी निघेपर्यंत. हा कीस आत राहिला तर तो फटीत अडकून दुरुस्त केलेल्या मोटरलाही ओरबाडेल.

शेवटी ॲसिटोनने दोन्ही पृष्ठभाग पुसा, कापड दर वेळी नवं. रंगाचा थिनर आणि पेट्रोल मागे तेलकटपणा ठेवतात, ते टाळा. ॲसिटोननंतर त्या जागेला बोट लावायचं नाही. आणि एक गोष्ट जुलै-ऑगस्टात फार महत्त्वाची: उजळलेला पत्रा दमट हवेत पाहता पाहता पुन्हा तांबूस होतो. सफाई आज आणि चिकटवणं उद्या असं करू नका. मी बॉडीच्या आत जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब थोडा वेळ लावून ठेवतो. ओल निघून जाते, पत्रा कोमट राहतो, आणि लगेच गोंद लावतो.

कोणता गोंद

दोन ट्यूबचं, हळू सुकणारं इपॉक्सी. पाच मिनिटांत धरणारं इपॉक्सी नको, ते उष्णतेत मऊ पडतं. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला चिकटून बसलेला सेल्फ उन्हाळ्याच्या ट्रॅफिकमध्ये चांगलाच तापतो, तेव्हा पाकिटावर कमाल तापमान काय लिहिलं आहे ते वाचूनच घ्या. १२० अंश किंवा त्याहून वर सोसणारं घ्या. स्टीलची पूड घातलेली जास्त तापमानाची इपॉक्सी मिळतात, ती चालतात. मोटर आणि स्पीकरचे फेराइट मॅग्नेट चिकटवण्यासाठीच बनवलेला लॉकटाइट ३२६ हा ॲक्रिलिक गोंदही आहे. त्याच्याबरोबर ॲक्टिव्हेटर ७६४९ लागतो. औद्योगिक माल विकणाऱ्या दुकानात विचारा. एम-सीलसारखी पुटी इथे कामाची नाही, कारण तिचा पातळ थर बसत नाही.

पातळ थरावर सगळं अवलंबून आहे. गोंद जाड झाला की मॅग्नेट तेवढा आत येतो आणि आर्मेचरला घासतो. दोन्ही घटक पाकिटावरच्या प्रमाणात मोजून घ्या, नीट घोटा, आणि मॅग्नेटच्या पाठीवर सर्वत्र फक्त ओलं दिसेल एवढं फासा. कडेला एकही कोरडी जागा नको. पाणी तिथूनच शिरतं.

जागा आणि ध्रुव

लहान सेल्फमध्ये दोन मॅग्नेट असतात, मोठ्या बाइकमध्ये बहुधा चार, गाड्यांच्या गिअरवाल्या सेल्फमध्ये सहासुद्धा. आतल्या तोंडाचे ध्रुव एकाआड एक उत्तर-दक्षिण असे लागतात. मॅग्नेट कमानदार असल्यामुळे तो उलटा-पालटा बसूच शकत नाही. चूक होते ती जागेची. चारमधले शेजारचे दोन अदलाबदल झाले तर एकाच जातीचे ध्रुव शेजारी येतात आणि मोटर मरगळल्यासारखी फिरते. दोनमधले दोन्ही अदलाबदल झाले, किंवा दोन मॅग्नेटची बॉडी झाकणांच्या मानाने अर्धा फेरा फिरून बसली, तर मोटर उलटी फिरते. अशा वेळी टेबलावर ती झकास पळते आणि गाडीवर इंजिन हलत नाही, कारण वनवे क्लच (एकाच दिशेने जोर पोचवणारा भाग) नुसता सटकत राहतो. मग बिचारा वनवे क्लच बदलला जातो.

म्हणून सगळे मॅग्नेट काढण्याआधी प्रत्येकावर आणि त्याच्या जागेवर खूण करा. खूण नसेल तर दोऱ्याला बांधलेला छोटा मॅग्नेट, एका बाजूला रंग लावून, प्रत्येकाच्या आतल्या तोंडाजवळ न्या. तो कुठे ओढला जातो आणि कुठे ढकलला जातो ते बघा. होकायंत्रही चालतं, पण लांबूनच धरा. फार जवळ नेलं तर त्याची सुईच उलट्या बाजूने चुंबकित होते आणि मग ते कायम चुकीचं सांगतं.

एक सुटला म्हणून बाकीचे उपटावेत का? माझं मत: कडेला गंजाची रेघ नसेल आणि लाकडी पट्टीने आडवा दाब दिल्यावर हलत नसेल तर हात लावू नका. उपटताना फेराइट तुटण्याचा धोका जास्त. गंजाची रेघ दिसली तर मात्र काढाच.

चिकटवताना शेजारचे विरुद्ध ध्रुव एकमेकांकडे सरकायला बघतात. मधल्या जागा सारख्या राहाव्यात म्हणून लाकडाचे किंवा प्लास्टिकचे नेमक्या मापाचे तुकडे घाला. मूळची क्लिप असेल तर ती परत जागेवर घाला, गोंद आहे म्हणून टाकून देऊ नका. क्लिप तुटली असेल आणि नवीन घडवायची असेल तर पितळेची किंवा ३०४ स्टेनलेसची. जाड लोखंडी पट्टी मॅग्नेटचं बळ शेजारच्या शेजारीच वळवून टाकते. मॅग्नेट बॉडीला आपला आपण ओढला जातो खरा, पण गोंद दाबून पातळ व्हायला तेवढं पुरत नाही. उभा चिरलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा आत घालून त्यात लाकडी पाचर हलकेच सरकवली की सगळीकडून सारखा दाब येतो. पाइपावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, नाहीतर तोही चिकटेल.

पूर्ण २४ तास द्या. रिक्षावाल्या दादांचा दिवसाचा धंदा बुडतो हे कळतं, पण संध्याकाळी घाईने बसवून दिलेला सेल्फ त्यांचे पुढचे कितीतरी दिवस बुडवतो. आत बल्ब लावून ठेवला तर कोमट उबेत गोंद जास्त पक्का धरतो.

गोंद वाळल्यावर मॅग्नेटच्या चारी कडांना इपॉक्सीची बारीक वात भरा आणि आतल्या उघड्या पत्र्यावर पातळ हात फिरवा. गंजाची वाट इथे बंद होते. फक्त झाकण जिथे बॉडीला टेकतं त्या कडा आणि बोल्टच्या जागा कोऱ्या ठेवा, अनेक सेल्फचं अर्थिंग तिथूनच जातं.

जुळवणी

आर्मेचर घालण्यापूर्वी ते कुठे घासलं आहे ते बघा. पत्र्यांवर नुसती चकाकी असेल तर चालेल, वायंडिंगची तार खरचटली असेल तर आर्मेचर बदला. मॅग्नेट आर्मेचरला हिसका देऊन ओढतो, आणि तेव्हा कोपरा टक्कन उडतो. आर्मेचर आधी कार्बनच्या झाकणात बसवा, शाफ्ट घट्ट धरा, आणि बॉडी त्यावर सरळ, सावकाश उतरवा. शिम फोटोप्रमाणे, रेघा जुळवून. ओ-रिंग नवी घाला, झाकणाला पाणी निचरायचं भोक असेल तर तारेने मोकळं करा. बंद भोक असलेल्या सेल्फमध्ये पाणी दिवसेंदिवस साचून राहतं.

शाफ्ट हाताने फिरवून खटके सारखे लागतात का बघा. मग मोटर व्हाइसमध्ये हलकेच पण नीट धरून, बॉडी न दाबता बोल्ट लावायच्या कानाला पकडून, बॅटरीवर क्षणभर लावा. हातात धरून लावू नका, झटका मोठा असतो. आवाज एकसुरी हवा, ठिणगीचा वास नको. डीसी क्लॅम्प मीटर असेल तर करंटही बघा; मोकळ्या फिरणाऱ्या सेल्फचा करंट एकदा वर उडून लगेच खाली स्थिरावला पाहिजे. वरच राहिला तर अजून कुठेतरी घासतं आहे.

गाडीवर बसवल्यावर सेल्फ दाबताना इंजिन उलटा झटका देतं का ते ऐका. टायमिंग किंवा इग्निशनच्या दोषाने असे झटके बसत असतील तर त्यांचा मार शेवटी सेल्फवर येतो आणि चांगला चिकटवलेला मॅग्नेटही हादरत राहतो.

तुटलेल्या मॅग्नेटबद्दल: दोन स्वच्छ तुकडे झाले असतील तर जोडता येतात, पण ते शेजारी-शेजारी ठेवल्यावर एकमेकांना ढकलतात, म्हणून गोंद वाळेपर्यंत दोन्ही बाजूंनी पाचर लावावी लागते. कोपऱ्याचा मोठा तुकडा हरवला असेल, किंवा गंजाने बॉडीत खोल खड्डे पडून मॅग्नेटची पाठ टेकायला जागाच उरली नसेल, तर चिकटवण्याचे पैसे घेऊ नयेत. काही गाड्यांना मॅग्नेटसकट बॉडी वेगळी मिळते, ती बघा. नाहीतर गिऱ्हाइकाला तो डाग आणि ते खड्डे दाखवा आणि पूर्ण मोटर बदलायला सांगा.